वहीतला पंखा

वडगावात भरमाण्णा पंख्यांचं वायंडिंग करतो.
डोक्यावर ओला पंचा,
चटका बसतो म्हणून पाना तांब्यातल्या पाण्यात.

जुनी वही उघडून दाखवतो:
एक्क्याण्णवचा अख्खा एप्रिल, पंखे तीन.
"मे महिन्यात पहाटे वाकळ ओढायचो की ओ.
पंखा लावला म्हणजे
मिरजेचा पाहुणा आलाय समजायचं."

आता उंबऱ्यापर्यंत पाती रचलेली.
गोकाकची बाई म्हणते, सेके.
मी म्हणतो, उकाडा.
बाक एकच, दोघांच्या घामानं ओला.

वर फिरतोय
तो त्या तिघांतलाच एक.
वळीव आला, हवा गार झाली,
मालकीण न्यायलाच आली नाही.

परवा आली.
पिवळी पावती घेऊन.

भरमाण्णानं स्टूल ओढलं,
बटण बंद केलं,
पाती थांबेपर्यंत
कुणीच काही बोललं नाही.