उशिराची नोंद

कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी
पालथ्या वाडग्याएवढा अँटेना.
मोईजभाई रोज सकाळी तो फडक्यानं पुसतात,
पारव्यांना शिव्या देत.
खाली स्टोअररूममध्ये रिसीव्हर,
मोडक्या गॅल्व्हनोमीटरांची चळत,
तिच्यामागे मी.

उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून एकच गोष्ट सांगतो:
मी आत्ता, इतक्या वाजता, इथे आहे.
निरोप दोन सुरांत निघतो, एकाच क्षणी,
आणि अंबाजोगाईला एकाच क्षणी पोचत नाही.
वाटेत आयनांबर आहे,
उन्हानं अणूंपासून फोडलेल्या इलेक्ट्रॉनांची गर्दी.
खालचा सूर तिच्यात जास्त अडखळतो, वरचा कमी.
दोघांच्या उशिरातला फरक मी मोजते
आणि गर्दी किती होती ते मागाहून काढते.
एवढंच काम.

हे मी आईकडून शिकले.
बाबा लाइनमन, घाटनांदूरच्या फीडरवर. सायकलनं यायचे.
पाऊण तास उशीर म्हणजे ओढा भरलाय.
दीड तास म्हणजे डीपी जळाली.
त्याहून जास्त झालं की ती बोलायची नाही,
स्टोव्हला पुन्हा पंप मारायची.
ते आल्यावर "कुठं होतात" असं तिनं कधी विचारलं नाही.
घड्याळानं तिला वाट सांगितलेली असायची.

दुपारी हे इलेक्ट्रॉन तिरुनेलवेलीकडे
कारंज्यासारखे उसळतात, भोपाळच्या अंगाला उतरतात.
वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून येतंच,
"मंजे ते बी आमच्या डोक्यावरूनच!"
पोरं हसतात. मीही.

वैशाखातला शनिवार.
सूर्यानं दोन दिवसांपूर्वी भिरकावलेलं
पहाटे पृथ्वीच्या चुंबकावर येऊन आदळलं.
चाळिशीपाशी रेंगाळणारा आलेख संध्याकाळी नव्वदच्या वर.
अकरा उपग्रह होते. मग आठ.
मग पाच, आणि तेही तुटक, खरखरत.
मोईजभाई बॅटरी घेऊन गच्चीवर जाऊन आले.
"आभाळ तर साफ हाय, मॅडम.
एक चांदणी बी हालली नाय."

त्याआधी, दिवस मावळताना, फोन आला होता
भूकरमापक शेषेराव तिडके यांचा, शेतातून.
"मॅडम, रोव्हर बांध हालवायलाय.
सकाळी बाभळीच्या अलीकडं दाखवला, आता पलीकडं.
दोघं भाऊ माझ्याच तोंडाकडं बघायलेत."
म्हटलं, आज मोजू नका. उद्याही नको.
"कारण काय लिहू?"
वादळ.
"इथं पान हलंना की."
लिहा तसंच.
सोमवारी त्यांनी कागद दाखवला.
हवामान: स्वच्छ. शेरा: वादळामुळे मोजणी तहकूब.
खाली दोन्ही भावांच्या सह्या,
एकाच पेनानं केलेल्या.

त्यांच्या बांधाला लागलेली चूक
माझ्या वहीत बरोबर उत्तर म्हणून आली.
याचं मला थोडं ओशाळं वाटतं,
पण फार नाही.

रात्री दोन ते साडेतीन मात्र काहीच नाही.
फायलीत रिकाम्या रांगा.
अलीकडचा आणि पलीकडचा आकडा धरून
मधून सरळ रेघ ओढता येते. पुष्कळ जण ओढतात.
मी ओढत नाही.
जो उशिरा आला त्याची वाट कळते.
जो पोचलाच नाही, त्याचा उशीर काढता येत नाही.
आईनं एका रात्रीचा हिशोब तसाच सोडलाय,
श्रावणातल्या.
स्टोव्ह अजून माळ्यावर आहे.

सकाळी मोईजभाईंना आलेख दाखवला.
ते चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले,
मग रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले,
"इथं पारवा बसला असंल."
आणि फडकं घेऊन जिना चढू लागले.