रकाना

चाटी गल्लीतलं दुकान, दुपार,
घासाघीस करायलाही कोणी नाही.
मी नायनांना पडद्यावर यादी दाखवतो:
तीन वर्षांत न फिरकलेली गिऱ्हाइकं, दोनशे चौदा.
एक बटण दाबलं की सगळ्यांना मेसेज,
चादरीवर दहा टक्के सूट.

नायना चष्मा पुसतात.
"थांब रे. ही अक्कलकोटची कोन्नूरबाई.
लेकीच्या लग्नाला साठ टॉवेल नेले,
पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटला,
व्याह्यांचे सदरे गुलाबी.
ती बोलली नाही. मीही नाही.
तिला सूट देतोस?"

मग जरा वेळानं,
ह्यात अजून एक रकाना निघतो का?
निघतो. नाव काय देऊ?
"आपली चूक."

अंधार पडेतो एकतीस ओळी भरल्या.
ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो,
काही नावं नुसतीच तेलुगूत पुटपुटली.
बटण राहिलंच.

शटर अर्धं ओढून
त्यांनी पहिला नंबर लावला,
कन्नडमधून, उभ्यानं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
माझं कन्नड तोडकं, एवढंच कळलं
की व्याही त्याच गुलाबी सदऱ्यात
दर रंगपंचमीला बसतात
आणि दुकानाचं नाव काढतात.