चार लिटर

खोक्यावर लिहिलं होतं: आकारमान चार लिटर.
मला हसू आलं. लिटरनं दूध मापतात, रंग मापतात,
कागद गिरणीत लगदा मापतो आम्ही, टाक्याच्या टाक्या.
संगणक कोण मापतं?
इल्वा म्हणाली, बाबा, तू जुन्या काळातला.
ती तेरा वर्षांची. जुना काळ म्हणजे मी, एवढाच.

सुंद्सवालला जानेवारीत तीनच्या आत अंधारतं.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं टॉवेल अंथरला,
लोकरीचे मोजे काढले, अनवाणी जाऊन
हीटरच्या उघड्या नळीला बोट लावलं,
मलाही लावायला लावलं,
अंगातली वीज उतरून जावी म्हणून.
माझ्या अंगात अजून वीज आहे
हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

ताटलीएवढा मदरबोर्ड.
प्रोसेसरच्या कोपऱ्यात इवलासा सोनेरी त्रिकोण,
खोबणीच्या कोपऱ्यात तसाच एक.
खुणेला खूण जुळली की जोर लागत नाही, ती म्हणाली,
जोर लागला तर समजायचं, चुकतंय.
हे मला कुणी
वेळेवर सांगायला हवं होतं.

मग मसुराएवढा लेप, त्यावर बुटका पंखा.
पंख्यावर झाकण, मधे एक मिलिमीटर.
एवढ्यात हवा खेळते?
खेळते. तिनं हिशेब केलाय.
जाड वायर तिनं तीनदा दुमडली, मागे दडवली,
चिमट्यानं बांधली. माझी बोटं आत मावेनात,
म्हणून मी टॉर्च धरला.

सगळ्यात छोटा स्क्रू पडला, गडगडला.
दोघं गुडघ्यांवर, टेबलाखाली.
स्क्रूच्या आधी सापडला
कुत्र्याच्या खाण्याचा एक वाळका दाणा.
कुत्रं दीड वर्षापूर्वी हार्नोसांदला गेलं,
आईबरोबर, कायमचं,
इल्वासारखं आठवड्याआड नव्हे.
तिनं दाणा उचलला, खिशात टाकला.
मी पाहिलं नाही असं केलं.

टेबलाच्या कडेला अजून दोन खोकी होती, सारखीच.
दोन अडॅप्टर? म्हटलं, चुकून जास्त आलाय, परत पाठवू.
ती पेचकस फिरवत राहिली. बराच वेळ.
एक इथला, म्हणाली. एक तिथला.
स्क्रीनही तिथं आहे, इथं आहे. मधला फक्त डबा
न्यायचा, आणायचा.

तेव्हा कळलं मला
टेबलावर जागा कमी म्हणून नव्हे,
तिनं दप्तर मापलं होतं:
व्यायामाचे बूट आणि भूगोलाचं पुस्तक यांच्या मधे
मावतात बरोबर चार लिटर.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात.
नांगी मात्र हिनं कुठं ठेवली,
मला अजून दिसली नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळाच.
पुन्हा. काळाच.
माझं तोंड उतरलं, तिचं नाही.
झाकण काढून तिनं मेमरीच्या पट्टीवर अंगठा दाबला,
कट् असा आवाज झाला,
बारीक, गोठलेली फांदी मोडावी तसा,
आणि काळ्यावर पांढरी अक्षरं आली.
बघ, म्हणाली, सगळं होतं, फक्त नीट बसलं नव्हतं.

रविवारी चारची बस.
दप्तर तिनं पाठीला नाही, छातीशी लावलं.
तिकडे टूर्केलनं फळी ठोकलीय म्हणे, बेताच्या मापाची.
बरं केलं त्यानं,
असं मी म्हणालो, आणि बऱ्यापैकी म्हणालो.

घरी आलो. स्क्रीन तसाच,
अॅडॅप्टरचा हिरवा दिवा लागलेला,
वायरचं टोक टेबलावरून खाली लोंबतंय.
दिवा बंद करावा की राहू द्यावा, ठरेना.
टॉवेल झटकला तर एक स्क्रू पडला.
जास्तीचा की राहून गेलेला?
फोन करून विचारता आलं असतं.
तो मी साखरेच्या डब्याच्या झाकणावर ठेवलाय,
ती आली की पहिल्यांदा तिथंच हात घालते.