दुधाची पिशवी

कपाटामागची भिंत तीन पावसाळे काळी होत होती.
आधी तिळाएवढे ठिपके, मग जायफळाएवढे,
मग एक अख्खा मुलूख,
दर ऑगस्टमध्ये ज्याची हद्द सरकायची.

मी पालिकेत मालमत्ता कर विभागात आहे.
पत्र कसं लिहावं हे मला कुणी शिकवू नये.
सोसायटीला अकरा पत्रं गेली,
अकराहींचा विषय एकच:
'वरच्या मजल्यावरील श्रीमती डिमेलो यांच्या न्हाणीघरातून होणारी गळती.'
सोबत फोटो. चार प्रती. पोच.

ती जिन्यात भेटायची. म्हणायची, काय पाऊस हो.
मी म्हणायचे, असणारच.
नाताळात तिच्याकडून येणारा कुलकुलांचा डबा
पहिल्या पत्रानंतर यायचा थांबला.

रंग दिला. बुरशीनं रंग खाल्ला.
पुन्हा दिला, तर ती नवऱ्याच्या पट्ट्यावर उमटली,
शालूच्या घडीत, अन्विताच्या तबल्याच्या खोळीवर,
आणि रात्री दोनला
अन्विताच्या खोकल्यात.

मालवणीहून इद्रीसभाई आला. डबा उघडलाच नाही त्यानं.
भिंतीवर तळहात ठेवला, वास घेतला,
म्हणाला, दुधाची पिशवी द्या एक, रिकामी.
धुतली, पुसली, कापून उलगडली,
चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर डकवली.
"दोन दिवस हात लावू नका.
पाणी मागे साचलं तर भिंत रडतेय.
पुढे साचलं तर तुम्ही."

तिसऱ्या दिवशी सकाळी
पिशवीवर बाहेरून दव होतं.
मागे भिंत कोरडी, उडदाच्या पापडासारखी.

मग तो घरभर फिरला, डॉक्टरसारखे प्रश्न विचारत.
कपडे कुठे वाळवता?
मी वर बघितलं. तीन दोऱ्या, सतरा कपडे,
सगळं पाणी आमच्याच श्वासात.
खिडक्या? समोरच्या टॉवरची धूळ येते म्हणून बंद.
न्हाणीतला हा पंखा?
त्यात कबुतरानं अंडी घातली होती, म्हणून पुठ्ठा लावला.
"कधी?"
अन्विता तेव्हा पहिलीत होती. आता ती आठवीत आहे.
अंडी उबली, पिल्लं उडाली, पिल्लांची पिल्लं उडाली,
पुठ्ठा राहिला.
तिघांच्या गरम आंघोळी, कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा,
सगळं वाट शोधत शोधत
शेवटी त्या गार पश्चिम भिंतीपाशी जायचं,
जिला आम्ही कपाट असं चिकटवलं होतं
की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं.

कपाट चार बोटं पुढे ओढलं.
नाकाला फडकं बांधून व्हिनेगरनं भिंत पुसली,
आठवडाभर टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून बसला.
रंग त्यानंतर.
पुठ्ठा काढला तेव्हा एक पीस पडलं, करडं, हलकं.
आता आंघोळीनंतर दार लावतो, पंखा पाव तास चालू.
कपडे एकाच खोलीत, तिची खिडकी उघडी,
धूळ आली तर आली, पुसता येते.
रविवारी कपाटाची दारं सताड.
नवरा म्हणतो, घर जांभई देतंय.

राहिलं बारावं पत्र.
'विषय:' एवढं लिहून पेन थांबलं.
तक्रारीचा नमुना आहे, स्मरणपत्राचा आहे,
अंतिम सूचनेचा तर माझ्या हाताला पाठ आहे.
याचा नव्हता.

माळ्यावर तिचा डबा सापडला,
तीन वर्षं न परत केलेला,
झाकणाच्या आत काळी कड धरलेला.
घासला, गॅसजवळ ठेवून सुकवला,
रिकामा कसा द्यायचा म्हणून शंकरपाळे भरले,
आणि अठरा पायऱ्या चढले.

तिनं दार उघडलं. आधी वास आला.
मी तो ओळखला, जसा आपल्याच घरचा माणूस ओळखावा.
तिच्या कपाटामागून, छताखाली,
तोच मुलूख, थोडी मोठी हद्द.
"गच्चीवरची टाकी गळते," ती म्हणाली,
"सोसायटीला नऊ पत्रं लिहिली मी. कुणी ऐकत नाही."

बोलायला आले होते ते सगळं घशाशी होतं.
मी डबा टेबलावर ठेवला
आणि म्हटलं,
तुमच्याकडे दुधाची एक पिशवी असेल का, रिकामी?
आणि कात्री.