खटका

यंत्र सगळ्यांशी बोलतं, फक्त बाहेरच्यांशी नाही.
पडदा उजळतो, किल्ल्या टकटकतात,
पंखा म्हाताऱ्या घोडीसारखा धापा टाकतो,
पण खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे चंद्रकोरी हव्यात एकीवर एक,
तिथे फुली.

विंडोज होतं तेव्हा चालायचं म्हणे.
जर्मनीत कुणीतरी उतरवलेला लॅपटॉप,
मेरिमने त्याच्यावर लिनक्स चढवलं
आणि सुट्टी संपताच बिश्केकच्या गाडीत बसून गेली.
"आजोबा, तुम्ही रेडिओ दुरुस्त करायचात ना,
मग हे काय."

हे काय!
रेडिओची पाठ उघडली की आजार दिसायचा:
जळका वास, सुटलेला डाग, फुगलेला कपॅसिटर.
याचीही पाठ उघडली. कार्ड सापडलं,
पोस्टाच्या तिकिटाएवढं,
दोन वायरी, एक काळी एक पांढरी, दोन्ही घट्ट.
धूळ फुंकली. परत लावलं.
फुली.

मेरिमने वहीत लिहून दिलेली आज्ञा
काळ्या खिडकीत उतरवली, जीभ दातांत धरून.
उत्तर इंग्रजीत. शब्दकोश घेऊन बसलो:
कार्ड ओळखलं. फर्मवेअर नाही.
इंटरनेटवरून उतरवून घ्या.

म्हणजे आधी पोहायला शिका, मग पाण्यात उतरा.

आमच्या गल्लीत इंटरनेट एकाच घरी.
असानबेककडे. माझा धाकटा भाऊ.
सप्टेंबरात गवताच्या गंजीवरून आमचा खटका उडाला,
मी म्हणतो एकवीस भारे, तो म्हणतो अठरा,
तेव्हापासून दोन दारांमधल्या चाळीस पावलांवरचं बर्फ
कुणी झाडलेलं नाही.

तीन रात्री मी दुसरे रस्ते शोधले.
चौथ्या सकाळी पेनड्राइव्ह टोपीच्या घडीत खोचला
आणि फावडं उचललं.

त्याने दार उघडलं. बोलला नाही.
अर्धा प्याला चहा ओतला.
आमच्याकडे अर्धा म्हणजे बस अजून,
काठोकाठ भरला की समजून ऊठ.
फाईल एक मेगाबाइटचीसुद्धा नव्हती,
मिनिटभरात उतरली.
मी पाच प्याले चहा प्यालो.
गंजीचा विषय निघाला नाही.

घरी येऊन फाईल जागेवर ठेवली,
यंत्र बंद केलं, चालू केलं.
फुली गेली. नवा शब्द आला: अडवलेलं.
कोण अडवतंय?
शब्दकोशाला ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी असानबेक आला, न बोलावता,
बुटांचं बर्फ न झटकता.
वाकून लॅपटॉपच्या पुढच्या धारेवरून नख फिरवलं,
आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक खटका,
जो मी इतक्या रात्री मनगटाखाली दाबून बसलो होतो,
उजवीकडे सरकवला.

निळा दिवा लागला.
यादीत एकच नाव, त्याच्या राउटरचं.
पासवर्ड मागितला.
तो एकेका बोटाने टाइप करू लागला.
मी तिकडे बघत नव्हतो, बघायचं नसतं,
पण डोळ्याच्या कोपऱ्याचं कुणी काय करणार:
शेवटी एक. मग आठ.

"अठरा?" मी म्हणालो.
"अठराच," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून बायकोने सगळं ऐकलं होतं.
तिने त्याच्यासमोर चहा ठेवला.
अर्धाच.