सत्त्याण्णव, निपाणी

मलगौंडाकडं रुपयाला तीन जीव मिळायचे.
बाहेर पाटीवर डांबर:
आधी कन्नडवर, मग मराठीवर.
शेवटी त्यानं पत्राच उतरवला
आणि न्हाणीवर घातला.

आत पडद्यावर जपानी अक्षरं.
ती कुणालाच येत नव्हती,
म्हणून कुणी पुसली नाहीत.

कॅसेट अडली की फुंकर मारायची.
तंबाखूची पूड उडायची,
आईच्या वखारीतली,
माझ्याच बाहीवरची.

"मुंद होग की रे, उडी मार!"
दस्तगीर ओरडायचा, दोन्ही भाषांत एकदम.
मी नेमका खड्ड्यात.

त्या वर्षी म्हणे जगात नवे खेळ आले,
खोल,
चारी दिशांनी हिंडता येणारे.
आमच्याकडं अजून
फक्त उजवीकडंच जाता यायचं.
मागं वळलं की पडदा
भिंत व्हायचा.