छत्तीस

कोयाइकेत शेगडीत लेंगाचं लाकूड,
शेगडीवर काळी पडलेली किटली.
माझं वाकडं चाक खुंटीला टांगून
एलेउतेरिओ कार्कामो म्हणाला, आधी बाईंचं.

बाई म्हणजे इस्मेनिया बारिया.
एकतीस वर्षं नदीकाठच्या दवाखान्यांत सुईणपण केलेली,
आता निवृत्त, गुडघे अर्धे-अर्धे,
आणि ह्या उन्हाळ्यात
सायकलने थेट व्हिया ओ'हिगिन्सपर्यंत जायचं म्हणतेय.

फ्रेम तयार होती. बाईंच्या मापाची, हिरवी,
झाळलेले सांधे अजून रंगाखाली जाणवणारे.
राहिले होते गिअर.
पुतण्याने पाठवलेले शिफ्टर: दहाचे, हँडलच्या टोकांना बसणारे.
सांतियागोहून आलेला डिरेलर: तोही दहाचाच, डोंगरी, लांब पायाचा.
दहा आणि दहा, बाई म्हणाल्या, मग अडलं कुठे?

कार्कामोने सायकल स्टँडवर चढवली.
टक.
साखळी हलली, नाही हलली.
टक. टक.
आता ती दोन दात्यांच्या मधे
उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखी,
ना आत ना बाहेर, नुसती खरखर.

हा रस्त्याचा, तो डोंगराचा, तो म्हणाला.
हा एका टकीला तार ओढतो एवढीशी
(नखावर नख ठेवून दाखवलं)
आणि त्याला हलायला लागते एवढी.
आकडा एकच छापलाय दोघांवर.
कंपनीला आकडे छापायला काय जातंय.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
त्याने बाकाखालचा बिस्किटांचा डबा ओढला,
ढवळला,
ग्रीसमध्ये बुडालेला एक जुना डिरेलर काढला.
नऊचा. कुठल्या तरी जर्मन पोराने
वाऱ्याला कंटाळून इथेच विकलेली सायकल, तिचा.
नवाला दहाची तार कळते, तो म्हणाला,
का ते विचारू नका,
तेव्हा ते लोक अजून एकमेकांशी बोलत होते.

पण मागची मोठी चकती छत्तीस दात्यांची,
आणि ह्याला कागदावर चौतीसच झेपतात.

छत्तीस. मी ओठांतच हसलो.
माझ्या लिपीत ह्या आकड्यात
तीन आणि सहा पाठीला पाठ लावून बसतात,
आणि पत्रिकेत मात्र छत्तीसच्या छत्तीस जुळले
तर मांडव घालायला हरकत नाही.
हे स्पॅनिशमध्ये सांगायला गेलो
आणि तिसऱ्याच शब्दाला अडकलो.

त्याने मागचा छोटा स्क्रू आवळला.
अर्धा फेरा. अजून पाव.
वरचं चाक चकतीपासून जेमतेम सुटलं,
मधून कागद जाईल, पुठ्ठा जाणार नाही.
टक.
साखळी चढली. खाली आली. पुन्हा चढली.
बाईंनी माते भरला आणि पहिला घोट त्याला दिला.

उरला डावा लिव्हर, पुढच्या दोन चकत्यांचा.
ह्याला टक नाही, तो म्हणाला, खाचाही नाहीत,
हा कानावर चालतो, सवय लागते,
माणसं महिनाभर शिव्या घालतात.

बाईंनी डोळे मिटले.
पेडल तो हाताने फिरवत होता.
लाकडी नळकांडं पोटावर टेकवून
त्या असंच ऐकत आल्या असतील, अंधाऱ्या खोलीत,
आपल्या श्वासापासून वेगळं काढत
दुसरं, लहान, घाईचं काही.
तळवा लिव्हरवर. किंचित आत.
घासतंय, त्या म्हणाल्या.
केसभर मागे.
आता नाही.

कार्कामो पेडल फिरवतच राहिला,
गरज नसताना.

रस्त्यावर ट्रक फार, मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
खडी उडते, धूळ तर विचारू नका.

माहीत आहे, बाई म्हणाल्या.
त्यातले निम्मे ड्रायव्हर माझ्याच हातचे.
एकाला तर पायाने बाहेर यायचं होतं,
अजून तसाच चालवतो.

मग खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून
त्यांनी एकेक सरळ केली,
आणि माझ्या चाकाकडे हनुवटी उडवत म्हणाल्या,
आता ह्याचं बघ.